डावीकडून टक-टक, पायाखाली पाणी आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं "नॉर्मल आहे सर"

वाकडचा_वाटसरू:
नमस्कार मंडळी. गाडी ४ मीटरच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, १ लिटर टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर लगेच "आमच्याकडे तर असलं काही होत नाही बुवा" सुरू होतं आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. अडीच वर्षं झाली, ३१ हजार किमी, वॉरंटी ३ वर्षांची, म्हणजे हातात सहा महिने.

तर सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे पुढून डावीकडून येणारी टक-टक. मोठ्या स्पीडब्रेकरवर येत नाही, पण भूमकर चौकातून हिंजवडीकडे जाताना ते छोटे छोटे खड्डे आणि पेव्हर ब्लॉक उखडलेत ना, तिथे हळू गेलं की कोणीतरी खालून चमच्याने पातेलं वाजवतंय असं वाटतं. दुसरं, ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके, आणि गेल्या महिन्यात पौड रोडवरून चांदणी चौकाचा चढ चढताना स्क्रीनवर ट्रान्समिशन गरम झाल्याचा मेसेज आला, मागे पीएमपीएमएलची बस हॉर्न देतेय, शेजारी बायको विचारतेय "काय झालं", काय सांगणार. तिसरं, आता पावसाळ्यात डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं. मॅट उचललं तर खाली चक्क तळं. याशिवाय सकाळी पहिला ब्रेक मारला की खर्रर्र आवाज, सिग्नलला उभं राहिलं की सीटमध्ये थरथर, आणि ८० च्या वर गेलं की बीप, जो ऐकून वडील दर वेळी म्हणतात, "बघ, काहीतरी बिघडलंय."

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सर, या मॉडेलचं कॅरेक्टरिस्टिक आहे, नॉर्मल आहे." आता मला सांगा, यातलं खरंच नॉर्मल काय आणि बनवाबनवी काय?

नाना_पेठेतला_पाना:
साहेब, २२ वर्षं गॅरेज आहे म्हणून सांगतो, तुमच्या यादीतलं अर्धं खरंच नॉर्मल आहे आणि त्या अर्ध्याच्या आडून उरलेलं अर्धं तुमच्या गळ्यात मारलं जातंय. सकाळची खर्रर्र सोडून द्या. ब्रेकची डिस्क बिडाची असते, रात्रभर दमट हवेत किंवा गाडी धुतल्यावर तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो, दोन-तीन ब्रेकमध्ये पॅड तो पुसून काढतात. दुपारीही आवाज आला तर बोला. थरथर म्हणाल तर तीन सिलिंडरचं इंजिन आहे, आयडलला आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की एवढं जाणवणारच, चारचं सुख तिनात कसं मिळेल. एकदम वाढली तरच इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बघायला सांगा.

पण ती टक-टक नॉर्मल नाही. एक करून बघा, स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम सरळ चढवा, मग तोच स्पीडब्रेकर तिरका घ्या, म्हणजे एक चाक आधी, एक नंतर. सरळ घेतल्यावर गप्प आणि तिरकं घेतल्यावर टक झालं तर ९० टक्के लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनला अँटिरोल बारशी जोडणारी छोटी दांडी. दोन्ही चाकं एकदम वर गेली की अँटिरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणारी आडवी सळई) पीळ बसत नाही, म्हणून लिंकवर लोड येत नाही, एकच चाक वर गेलं की येतो. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे. आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर खालून टणकन स्प्रिंगसारखा आवाज येत असेल तर स्ट्रट माउंट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं तो आधार. लिंक रॉड ही काही फार महाग वस्तू नाही, नाना पेठेत कुठल्याही काउंटरवर मिळते, पण वॉरंटीत असताना खिशातून कशाला घालता.

बाणेरची_बाई:
पाण्याबद्दल मी बोलते कारण मी ते भोगलंय. आमच्या गाडीला सनरूफ आहे (मुलांचा हट्ट, वापर वर्षातून चार वेळा) आणि सोसायटीत ओपन पार्किंग, बरोब्बर रेन ट्रीच्या खाली. मागच्या जुलैमध्ये ताम्हिणीला गेलो होतो, घाटात जोराचा ब्रेक मारला आणि आरशाजवळच्या दिव्यातून पेलाभर पाणी थेट सासूबाईंच्या मांडीवर. त्या दिवसापासून त्या मागेच बसतात.

झालं असं होतं की सनरूफ काही डब्यासारखं घट्ट बंद नसतंच, थोडं पाणी कडेच्या पन्हाळीत जाणारच, तिथून कोपऱ्यातल्या बारीक नळ्यांतून ते खाली निघून जातं. त्या नळ्या पानांनी तुंबल्या. काढलं तेव्हा अक्षरशः चहाचा चोथा, काळा, कुजका. आता मी मे महिन्याच्या शेवटी सनरूफ उघडून ओल्या फडक्याने पन्हाळ पुसते आणि कोपऱ्यात हळूहळू अर्धा पेला पाणी ओतून बघते, पुढच्या चाकाच्या मागून खाली पडलं की झालं. हवेचा प्रेशर मारू देऊ नका कोणाला, नळी आतल्या आत निसटली तर अख्खं छत उतरवावं लागतं.

पण तुम्ही सनरूफचा उल्लेख केला नाहीत. नसेल तर पाणी वेगळीकडूनच येतंय. छताचं कापड किंवा पुढचा खांब ओला लागतो का हात लावून बघा.

वाकडचा_वाटसरू:
सनरूफ नाही हो. खांब, छत सगळं कोरडं. पाण्याला वासही नाही.

नाना_पेठेतला_पाना:
मग ते पावसाचं पाणी नाहीच! एसीचं आहे. पावसाळ्यात हवा दमट, काचा धूसर होतात म्हणून आपण एसी सतत लावतो, आत पाणी जास्त जमतं, आणि डॅशबोर्डच्या खालून बाहेर जाणारी ड्रेनची नळी तुंबली की ते डाव्या बाजूने पायात येतं. पार्किंगमध्ये कोरड्या जागी पंधरा-वीस मिनिटं एसी लावून ठेवा, वाकून बघा, खाली टपटप पाणी पडलं पाहिजे. फरशी कोरडी राहिली तर निदान झालं. काम दहा मिनिटांचं, पण कार्पेटखालचा फोम वाळवून घ्या, नाहीतर गणपतीपर्यंत गाडीत ओल्या गोणपाटाचा वास सुटेल, आणि तिथून वायरिंग पण जातं.

मॅन्युअलच_बरी:
म्हणून मी कधीपासून सांगतोय, ऑटोमॅटिक घेऊ नका. पाय कशाला दिलेत देवाने.

ओला_नाही_ड्राय_क्लच:
वरच्या साहेबांना रोज संध्याकाळी साडेसहाला हिंजवडी फेज ३ ते वाकड चालवायला लावा, मग पायांविषयी बोलू.

वाटसरू, मी हीच जात चालवतो, ५८ हजार झालेत. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एकावर १-३-५ गिअर, दुसऱ्यावर २-४-६ वगैरे, आणि छोट्या गाड्यांत ते बहुतेक ड्राय असतात, म्हणजे थंड करायला तेल नाही, फक्त हवा. आपण मुंगीच्या पावलाने सरकत राहतो तेव्हा गाडी सतत हाफ क्लचमध्ये असते, फक्त तो हाफ क्लच आपला पाय नाही तर कॉम्प्युटर करतोय, म्हणून कळत नाही. घासून घासून तापतो. चांदणी चौकाच्या चढावर तुम्ही नक्की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली असणार, खरं सांगा. ते सगळ्यात वाईट. पूर्ण उभं राहा, ब्रेक घट्ट दाबा म्हणजे क्लच सुटतो, अर्धवट दाबला तर तो पुढे सरकायचा प्रयत्न करतच राहतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच सरळ निघा. त्या जागेत रिक्षा घुसते हे मान्य. घुसू द्या. मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यात ठेवलं तर १-२-१-२ ची नाचानाचही कमी होते.

थोडा झटका असतोच, पण गरम झाल्याचा मेसेज अडीच वर्षांत आला म्हणजे एकदा सॉफ्टवेअर अपडेट आणि क्लचचं री-लर्निंग (क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं) करून घ्याच. आणि मेन मुद्दा, जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहितात आणि आपण सही करून मोकळे. उद्या वॉरंटी संपल्यावर तेच म्हणणार की तक्रार आधी नव्हतीच. नॉर्मल आहे म्हणाले तर म्हणा, तेच लिहून द्या, आणि त्यांच्या टेक्निशियनला गाडी चालवायला देऊन तुम्ही शेजारी बसा, त्या खड्ड्यांच्या रस्त्यानेच न्या. फारच टोलवाटोलवी केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मी एकदा तक्रार नंबर ईमेलमध्ये टाकला तर दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन.

बाकी ते ८० चं बीप नियमाने आहे, जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना, १२० ला सलग वाजतं. वडिलांना सांगा सरकार वाजवतंय.

डिझेल_जिंदाबाद:
पेट्रोलवाले रडतायत ते बघून बरं वाटलं, कारण आमचं दुखणं वेगळंच. बीएस६ डिझेल, घर कोथरूड, ऑफिस डेक्कन, जेमतेम ५ किमी. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा महिन्यातून एकदा तरी लागतो, कारण काजळी जाळायला एक्झॉस्ट तापावा लागतो आणि कर्वे रोडवर तापतो फक्त ड्रायव्हर. मग रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन सातारा रोडने खंबाटकीपर्यंत, गिअर खालचा, आरपीएम २००० च्या वर, वीस-पंचवीस मिनिटं सलग. बायको म्हणते गाडीला फिरायला नेतोस, मला नाही. घरी आल्यावर पंखा घरघरत असेल, आयडल नेहमीपेक्षा वर असेल तर लगेच बंद करू नका, जळणं चालू असतं. सारखं अर्धवट तोडलं तर इंजिनाच्या ऑइलमध्ये डिझेल उतरतं, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका.

रोजचं ५ किमी असेल त्याने डिझेल घेऊच नये हे मला शोरूममध्ये कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

वाकडचा_वाटसरू:
अपडेट देतो. तिरक्या स्पीडब्रेकरची टेस्ट केली, टक! सरळ घेतला, शांत. व्हिडिओ काढला, जॉब कार्डवर मराठीत लिहून घेतलं, सल्लागार म्हणाला इंग्लिशमध्ये लिहू का, म्हटलं नको, असंच. टेक्निशियन अठरा-वीस वर्षांचा पोरगा होता, पन्नास मीटर गेला आणि स्वतःच म्हणाला "सर, लिंक गेलीय." हेच वाक्य ऐकायला मला तीन चकरा. डावी-उजवी दोन्ही वॉरंटीत बदलल्या. एसीची नळी मातीने तुंबली होती, बहुतेक कुंभारीण माशीने घर केलेलं. कार्पेट दोन दिवस उघडं ठेवून वाळवलं.

गिअरबॉक्सला अपडेट मारलं. झटके पूर्ण गेले नाहीत, पण दुसऱ्यातून पहिल्यात येताना जो दणका बसायचा तो निम्मा झाला. आणि हो, ॲक्सिलरेटरवर धरलेली होती, कबूल.

आता पुढून शांतता झाल्यावर मागून टिक-टिक ऐकू यायला लागलंय.

नाना_पेठेतला_पाना:
साहेब, आधी डिकीतला जॅक घट्ट बसवा, मग माझ्याकडे या.