मदत हवी आहे: ‘शेवटी सगळं अणूच’ याला काय उत्तर द्यावं?

मित्र म्हणतो, शेवटी सगळं अणूच; मन म्हणजे निव्वळ चेतापेशी, बाकी थोतांड. मला हे पटत नाही. सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा कृमी. त्याच्या 302 चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्येच छापून आला, तरी नुसत्या नकाशावरून तो पुढच्या क्षणी कुठे वळेल हे सांगता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी 1972 मध्ये मांडलंच होतं की मूळ नियम सापडले म्हणून त्यांतून वरच्या पातळीवरचं सगळं उभं करता येतंच असं नाही.

पण मी हे बोलले की कुणीतरी ‘क्वांटम ऊर्जा’, ‘पाण्याची स्मृती’ असल्या पुरावा नसलेल्या कल्पना घेऊन माझ्या बाजूने उभं राहतं. ती सोबत मला अजिबात नको आहे! पुराव्याचा हात न सोडता हे मित्राला कसं समजावू? एखादं नेमकं उदाहरण सुचवाल का?