चर्च प्रायमरी शाळेत पेरेंट गव्हर्नर: नेमकं काम काय असतं?

पिंपळपान विचारतात:
मुलगी इंग्लंडमधल्या एका चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रायमरीत इयर टूला आहे. पेरेंट गव्हर्नरच्या (शाळेच्या गव्हर्निंग बोर्डावर, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळावर, पालकांमधून निवडून जाणारा सदस्य) जागेसाठी नावं मागवणारं पत्र आलंय. आम्ही ख्रिश्चन नाही, तरी उभं राहता येतं का? वेळ किती जातो? पैशाचं काही अंगावर येतं का? आणि मीटिंगमध्ये करायचं काय असतं? ‘शाळेला हातभार’ एवढंच उत्तर नको, ते पत्रातही लिहिलंय.

तिसरीघंटा:
खुशाल उभे राहा. पेरेंट गव्हर्नरला धर्माची अट नाही. अडतं ते वेगळ्याच गोष्टींनी: त्या शाळेत सलग 12 महिन्यांत 500 तासांपेक्षा जास्त पगारी काम करत असाल, किंवा त्याच लोकल ऑथॉरिटीचे (स्थानिक प्रशासनाचे) निवडून आलेले काउन्सिलर असाल, तर चालत नाही. धर्माचा प्रश्न येतो तो फाउंडेशन गव्हर्नरच्या, म्हणजे चर्चच्या बाजूने बसणाऱ्या सदस्याच्या जागेला. ती नेमणूक डायोसिस (बिशपच्या अखत्यारीतला विभाग) किंवा पॅरिशकडून (स्थानिक चर्च) होते, आणि बऱ्याच ठिकाणी व्हिकार, म्हणजे तिथले धर्मगुरू, पदसिद्ध असतात.

आधी एक गोष्ट बघून ठेवा: शाळा व्हॉलंटरी एडेड आहे की व्हॉलंटरी कंट्रोल्ड (सरकारी पैशावर चालणाऱ्या चर्च शाळांचे हे दोन प्रकार). बाहेरच्या पाटीवरून कळेलच असं नाही, सरकारी शाळा-नोंदणीच्या वेबसाइटवर कळतं. एडेड असेल तर फाउंडेशन गव्हर्नर बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा दोनने जास्त असावे लागतात. म्हणजे हेडटीचर 1, स्टाफ 1, लोकल ऑथॉरिटीचा 1 आणि पालक 2 असे पाच झाले, की फाउंडेशनचे सात. एकूण बारा. कंट्रोल्डमध्ये फाउंडेशनचे किमान दोन आणि जास्तीत जास्त एक चतुर्थांश. एडेडमध्ये शिक्षकांची नेमणूक आणि प्रवेशाचे नियम बोर्डाच्या हातात असतात, कंट्रोल्डमध्ये ते लोकल ऑथॉरिटीकडे.

वेळेचं म्हणाल तर पूर्ण बोर्डाच्या वर्षातून किमान तीन मीटिंगा, बऱ्याच ठिकाणी सहा. शिवाय कमिटी असली तर तिच्या. मीटिंग दोन तासांची, पण आधीचं वाचन त्याहून जास्त. अजेंडा आणि कागद सात दिवस आधी यायला हवेत. आदल्या रात्री 80 पानं हातात पडत असतील तर क्लार्कला (बोर्डाचा सचिव) लेखी कळवा, त्यात काही उद्धटपणा नाही. मुदत साधारण चार वर्षं. बोर्डाच्या संमतीशिवाय सहा महिने गैरहजर राहिलात तर पद जातं. नोकरी करत असाल तर या कामासाठी वाजवी रजा मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, मात्र तिचा पगार देण्याची सक्ती मालकावर नाही.

आता मीटिंग. हेडटीचरच्या रिपोर्टमध्ये समजा लिहिलंय की इयर वनच्या फोनिक्स चेकमध्ये (अक्षरांच्या आवाजांवरून वाचता येतं का, याची चाचणी) 30 पैकी 21 मुलं पास झाली. ‘छान’ म्हणून पान उलटणारे गव्हर्नर बोर्डात शोभेला असतात. विचारायचं ते असं: उरलेली नऊ मुलं इयर टूमध्ये पुन्हा बसतील, त्यांच्यासाठी आठवड्यात नेमकं काय चाललंय, कोण घेतंय, आणि पुढच्या मीटिंगला कोणता आकडा दाखवाल? मग तो प्रश्न मिनिट्समध्ये (मीटिंगच्या लेखी नोंदीत) नोंदला गेलाय ना, तेही बघा. ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) आलं की तिथेच शोधतं. ‘अमुक बाई वाचन कमी घेतात का?’ हा प्रश्न मात्र तुमचा नाही. वर्ग चालवणं हेडटीचरचं काम, दिशा आणि हिशेब बोर्डाचा.

खडूआणिफळा:
वरच्यात एक भर. कोरम, म्हणजे मीटिंगसाठी लागणारी किमान हजेरी, रिकाम्या जागा सोडून मोजतात. बारापैकी दोन जागा रिकाम्या असतील तर दहाच्या निम्मे, म्हणजे पाच हजर हवेत. छोट्या गावच्या शाळेत फाउंडेशनच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, आणि एखाद्या संध्याकाळी चौघंच आले की बजेट मंजूर करता येत नाही.

पैशाबद्दल. चांगल्या हेतूने आणि नियमात राहून केलेल्या कामासाठी गव्हर्नरच्या खिशाला हात लागत नाही. पण एडेड शाळेत इमारतीच्या मोठ्या कामाचा 10 टक्के वाटा बोर्डाला उभा करावा लागतो, बाकी 90 सरकार देतं. छपराचं कोटेशन 50,000 पौंड, त्यावर 20 टक्के व्हॅट धरून 60,000. या कामावरचा व्हॅट परत मिळत नाही, म्हणून बोर्डाचा वाटा 5,000 नव्हे, 6,000. इथे हमखास फसायला होतं.

दुसरा सापळा मुलांच्या संख्येचा. ऑक्टोबरमधल्या शाळा-गणनेवर पुढच्या एप्रिलपासूनचं अनुदान ठरतं. रिसेप्शनच्या (प्रायमरीचा पहिला वर्ग) 30 जागांवर 24 मुलं आली, तर शिक्षक तेवढाच लागतो, वर्गही तेवढाच गरम करावा लागतो, पैसे मात्र सहा मुलांचे कमी. आणि तो वर्ग सात वर्षं शाळेत असतो. म्हणून तीन वर्षांचा अंदाज मागवा, एका वर्षाच्या बजेटवर सही करून मोकळे होऊ नका.

ओसरी:
वर एडेड-कंट्रोल्ड लिहिलंय ते बरोबर, पण शाळा अकॅडमी (लोकल ऑथॉरिटीऐवजी ट्रस्ट चालवतो ती शाळा) झाली असेल तर ही गणितं लागू नाहीत. तिथे ट्रस्टचं बोर्ड वरती, आणि शाळेच्या पातळीवरच्या मंडळाला ट्रस्ट लिहून देईल तेवढेच अधिकार. तो कागद आधी मागून घ्या. कधीकधी हातात फारसं काही उरलेलं नसतं.

एडेडमध्ये राहिलात तर प्रवेशनियमांवर लक्ष ठेवा. बदल नसला तरी ते दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. ‘मागचेच चालू’ म्हणून ठराव राहून जातो. बदल करायचा असेल तर 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारीच्या दरम्यान किमान सहा आठवडे लोकांची मतं मागवायची. चर्चला जाण्याची अट फक्त जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तेव्हाच चालते. जागा शिल्लक असताना ती लावून कुणाला नाकारता येत नाही.

चर्च शाळेला ऑफस्टेडशिवाय सायम्स (SIAMS, चर्चकडून होणारी) तपासणीही असते. तिथे गव्हर्नरांना शाळेच्या ख्रिस्ती व्हिजनबद्दल विचारतात. ते पाठ म्हणून दाखवू नका, त्यामुळे कोणता निर्णय बदलला ते सांगा. उदाहरणार्थ, ट्रिपचे पैसे न भरू शकणाऱ्या मुलांचं काय केलं. हे सांगायला ख्रिश्चन असावं लागत नाही. मीटिंग प्रार्थनेने सुरू होते, गप्प बसलात तर कुणी काही म्हणत नाही. मुलाला सामूहिक उपासनेतून बाहेर ठेवण्याचा पालकांचा हक्क मात्र पाळला जातोय ना, हे विचारायला तुमच्यासारखाच माणूस बरा.

पिंपळपान:
शाळा एडेडच निघाली. अर्जासोबत दोनशे-अडीचशे शब्द लिहून द्यायचेत. काय लिहू?

तिसरीघंटा:
‘मला मुलं आवडतात’ सोडून काहीही. अकाउंट्स, एचआर, इमारत, डेटा यांपैकी काय येतं ते पहिल्या ओळीत. संध्याकाळी किती वेळ देऊ शकता ते दुसऱ्या. एखाद्या शिक्षकाविरुद्धची तक्रार किंवा मुलीच्या वर्गाचं नावही नको. तुम्ही पालकांमधून निवडून जाता, पालकांचे वकील म्हणून नव्हे. फाटकापाशी कुणी गाऱ्हाणं सांगितलं तर शाळेच्या तक्रार-पद्धतीकडे पाठवा. ऐकून घेत बसलात तर पुढे तेच प्रकरण तक्रार ऐकणाऱ्या गव्हर्नरांच्या पॅनेलसमोर आलं की तुम्हाला तिथे बसता येत नाही. जागेइतकीच नावं आली तर मतदान होत नाही, बिनविरोध. निवड झाली की 21 दिवसांच्या आत एन्हान्स्ड डीबीएसचा (गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी) अर्ज जायला हवा, म्हणून पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे हाताशी ठेवा.