मदत हवी आहे: लॅब पाषाणला न्यावी का कुपवाडलाच ठेवावी?

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी, वाचते रोज पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

आमचं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, मी आणि माझे दीर मिळून चालवतो, मी एमएस्सी मायक्रो, ते बीएस्सी अ‍ॅग्री, आणि सहा माणसं कामाला. ट्रायकोडर्मा, म्हणजे पिकाच्या मुळांचे रोग रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर बनवतो, गिऱ्हाईक जवळजवळ सगळं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यातले द्राक्षवाले. कीटकनाशक कायद्याच्या कलम ९(३बी) खाली तात्पुरती नोंदणी आहे, आता कायमच्या नोंदणीसाठी डेटा जमवायचाय. शिवाय माझ्या माहेरच्या, म्हणजे सावळजच्या बागेतल्या मातीतून वेगळा केलेला याच बुरशीचा एक स्ट्रेन (वाण) आहे, तो उन्हाळ्यात आत्ताच्यापेक्षा बरा तग धरतोय, त्याच्यावर मनापासून काम करायचंय.

तर पुण्यात पाषाणला एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना लॅब वापरायला देणाऱ्या केंद्रात, बेंच (कामापुरती जागा) मिळतोय. भाडं असं की कुपवाडला तेवढ्यात आमचा आख्खा गाळा निघतो. दीर म्हणतात काय गरज, मशीन लागलं तर जाऊन येऊ. मला वाटतं गरज आहे, पण नक्की कशाची ते मला पैशात मांडता येत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

मला गरज का वाटते ते सांगते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमचा माल गोडाऊनमध्येच मरायला लागला. पत्र्याचं शेड, एप्रिल, पॅकिंगच्या दिवशी जिवंत बुरशीचा काउंट झकास आणि सहा आठवड्यांनी त्याच लॉटच्या प्लेटवर चार-दोन कॉलन्या. ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू (कॉलनी धरू शकणारे जिवंत कण) लागतात, आम्ही त्याच्या खूप खाली. मी चार महिने मीडिया (बुरशी वाढवायचं खाद्य) बदलत बसले, मला वाटलं स्ट्रेनच नाजूक. मग एका ट्रेनिंगला पाषाणला गेले होते तर कॅन्टीनमध्ये समोर एक वयस्कर गृहस्थ बसलेले, ओळख ना पाळख, त्यांनी विचारलं काय करता, मी रडगाणं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लिक्विडमधलं बायोमास टाल्कमध्ये मिसळता का भातावर वाढवलेले स्पोअर?" म्हणजे टाकीतल्या द्रावात वाढवलेली बुरशी पावडरीत घालता, का भातावर वाढवलेले तिचे बीजाणू. आम्ही फर्मेंटरमधलंच, म्हणजे त्या टाकीतलंच मिसळत होतो. ते म्हणाले अहो त्यात मायसेलियमच (बुरशीचे धागे) जास्त, वाळवताना निम्मं तिथेच मरतं आणि राहिलेलं उन्हाळा काढत नाही, तांदळाच्या कणीवर वाढवा, हिरवेगार झाले की मगच काढा. पुस्तकात मी पण वाचलं होतं की हो, पण माझ्या पिशवीतली भानगड हीच आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन ट्रेमध्ये कणी शिजवून लावली, आठव्या दिवशी ट्रे बघितला तर शेवाळासारखा हिरवा, बोट लावलं की पूड उडत होती. तो लॉट जूनपर्यंत टिकला. चार महिने विरुद्ध एक चहा.

दुसरं म्हणजे तिकडे सगळं हाताशी आहे. एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० पासून आहे, तिथेच एनसीआयएम, म्हणजे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, पाषाणलाच एनसीएमआर (सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह) आणि आयसर ही विज्ञान संस्था, तिकडे आघारकर संशोधन संस्था, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र. इथून प्रत्येक काम म्हणजे २३० किलोमीटर आणि खंबाटकी घाट. एकदा कल्चर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचे पाऊच घालून पाठवलं तर कुरियरवाल्याकडे दोन दिवस पडून राहिलं, पोचलं तेव्हा खोकं गरम आणि प्लेटांवर भलतीच बुरशी. तो हंगामच गेला.

पण माझे शेतकरी इथे आहेत, तेही खरं. छाटणीच्या दिवसांत रोज कुणीतरी गाळ्यावर येतंच, मुळी काढून दाखवतं, त्यातूनच आम्हाला कळतं काय चालतंय. सासरे म्हणतात १९१० साली किर्लोस्करवाडी माळावर उभी राहिली तेव्हा कुठलं क्लस्टर होतं? मी म्हटलं मामंजी, पण कुंडल रोड स्टेशन होतं ना शेजारी, आणि औंधच्या राजांनी जागा दिली होती.

जे असं कुठे बसलेत किंवा बसून परत आलेत त्यांनी प्लीज सांगा, खरा फायदा कशाचा झाला?

अजिंक्यताऱ्याखाली:
ताई, आमचा धंदा वेगळा, साताऱ्यात सेन्सरचे बोर्ड बनवतो, पण दोन वर्षं पुण्यात काढून परत आलोय म्हणून लिहितो. पार्ट संध्याकाळपर्यंत हातात मिळायचा, बोर्ड बिघडला तर भोसरीत नेऊन दाखवला की माणूस तिथल्या तिथे सांगायचा, ती सोय इथे नाही आणि मला आजही ती जाणवते. पण माणसं टिकत नाहीत. तुम्ही शिकवायचं आणि वर्षात ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये दीडपट पगारावर. इथली पोरं पाच वर्षं झाली माझ्याकडेच आहेत.

आणि फंडासाठी जात असाल तर थांबा. स्टार्टअप इंडिया सीड फंड ही सरकारी योजना २०२१ साली चार वर्षांसाठी आली होती, अजून चालू आहे का ते आधी बघा. तो इन्क्युबेटरमार्फतच मिळायचा, पण तिथे जाऊन बसायची सक्ती नव्हती आणि एकाच वेळी तीन इन्क्युबेटरना अर्ज करता यायचा. प्रोटोटाइप वगैरेला २० लाखांपर्यंत अनुदान, पुढे बाजारात न्यायला ५० लाखांपर्यंत, पण ते अनुदान नाही, कर्ज किंवा तत्सम रूपात. मात्र ते नव्या कंपन्यांसाठी, तुमच्या कंपनीचं वय बघून घ्या.

विसापूरकर:
बाई, मी बागायतदार, लॅबमधलं मला कळत नाही. पण २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडकली तेव्हापासून आम्ही औषधाच्या बाटलीकडे बघायचं शिकलो. तुमच्यासारखी माणसं गाळ्यावर भेटतात म्हणून आम्ही पावडर घेतो. तुम्ही पुण्याला गेलात आणि गाळ्यावर नुसता सेल्समन बसला तर मी तरी विचार करीन.

पाषाणकर:
मी याच भागात संशोधनात आहे. तुमची कामं वेगवेगळी करून बघा, सगळ्याला बेंच लागत नाही.

स्ट्रेनची ओळख पटवणं, तो संग्रहात जमा करणं हे लांबून होतं, फक्त प्लेट पाठवू नका, स्लँट, म्हणजे नळीत तिरक्या थरावर वाढवलेलं कल्चर पाठवा, नळीच्या तोंडाला पॅराफिल्मची ताणणारी पट्टी लावून, म्हणजे सुकत नाही आणि बाहेरची बुरशी शिरत नाही. पेटंटचा विचार असेल तर कुठेही जमा करून चालत नाही, पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या बुडापेस्ट करारातली संस्था लागते, एनसीएमआर २०११ पासून तशी आहे, म्हणजे ते काम पुण्यातच होईल. आणि माती आपल्या बागेतली असली तरी जैवविविधता कायदा लागतो, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा कागद पेटंट मिळण्याआधी हातात हवा. हे लोक फार उशिरा बघतात.

साध्या मशीनच्या टेस्टना पुण्याला कशाला येता, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सैफ हे उपकरण केंद्र आहे, तुम्हाला ५० किलोमीटर.

हजर राहायलाच लागतं ते दोनच कामांना. एक म्हणजे मोठ्या फर्मेंटरवर किंवा ट्रेवर स्केल-अप, म्हणजे मोठ्या प्रमाणावर वाढवून बघणं, तिथे फेस कधी आला, वास कधी बदलला हे बघायला माणूस लागतो. आणि दुसरं तुम्ही सांगितलंत ते कॅन्टीन. पण ते महिन्यातून एकदा आलं की होत नाही. तुम्हाला एकदा झालं हे भाग्य, रोज बसणाऱ्याला ते आठवड्याला होतं. आणि बसणारा माणूस असा हवा की ज्याला स्वतःचं काय बिघडलंय ते मोकळेपणाने सांगता येतं, गप्प काम करून सहाला निघून जाणाऱ्याला काही मिळत नाही.

आणखी एक. उत्पादन मात्र हलवू नका. लायसन्सवर जागेचा पत्ता असतो, तो बदलायचा म्हणजे कागदपत्रांचा घोळ परत पहिल्यापासून.

द्राक्षवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. विसापूरकर काका, तुमचं वाक्य दिरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले हेच मी सांगत होतो.

पाषाणकर, तुमच्यामुळे डोक्यातला गोंधळ सुटला. मी आख्खी लॅब न्यायची का असं विचारत होते, तशी गरजच नाही. उत्पादन आणि गाळा इथेच. बेंच एकच घ्यायचा, सहा महिन्यांसाठी, सावळजच्या स्ट्रेनचं स्केल-अप तेवढं तिथे. तिकडे बसायला आमच्याकडची एक मुलगी तयार आहे, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची बीएस्सी, बोलकी आहे, कुणालाही काहीही विचारते. मी दर पंधरवड्याला दोन दिवस जाईन, ऑक्टोबर छाटणीचे दिवस सोडून. जैवविविधतेच्या कागदाचं या आठवड्यातच बघते, ते खरंच माहीत नव्हतं. अजिंक्यताऱ्याखाली दादा, सीड फंडाबद्दल व्यनि (खाजगी निरोप) करते.

आता शेवटची मदत. पाषाण किंवा सुतारवाडीकडे या मुलीसाठी चांगली खोली कुणाला माहीत आहे का? घरगुती असेल तर उत्तम, जूनपासून हवी. तिच्या आईने मला बजावलंय की आधी खोली मी स्वतः बघायची, मगच तिला पाठवणार.