नापास झाल्यावर नेमकं शिकायचं काय असतं?

काठावरचा

मंडळी, दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर पुन्हा राहिला. अपयश ही यशाची पहिली पायरी, हे सगळ्यांनी ऐकवून झालं. त्या पायरीवर माझा आता मुक्कामच पडलाय. अभ्यास केला नाही असंही नाही. नोट्स इतक्या वाचल्यात की कुठलं उदाहरण कुठल्या पानावर ते झोपेतही सांगेन. पेपर समोर आला की हात चालत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती, ती येऊन पडलीय, पण उघडून बघवत नाही.

अपयशातून शिकायचं म्हणजे बसून करायचं काय, एवढंच कुणीतरी सांगा. प्रेरणादायी गोष्टी नकोत. एडिसन तर अजिबात नको.

वहीपेन

छायाप्रत फाडून टाका आणि नव्याने सुरुवात करा. झालं गेलं उगाळून हाती काय लागणार?

लालशाई

वहीपेन, साफ चूक सल्ला. बरीच वर्षं गणिताचे पेपर तपासलेत म्हणून बोलते. (काठावरच्या, तुला अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.)

नापास झालं की माणूस आपोआप शिकतो, हे आधी डोक्यातून काढ. लॉरेन एस्क्राइस-विंकलर आणि आयलेट फिशबाख या मानसशास्त्रज्ञांचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत. प्रश्नाला पर्याय दोनच. काहींना सांगितलं 'बरोबर', काहींना 'चूक'. दोनच पर्याय म्हटल्यावर 'चूक' ऐकणाऱ्यालाही खरं उत्तर कळलंच की! तरी नंतरच्या चाचणीत 'चूक' ऐकलेले मागे पडले. स्वतःचं चुकलं म्हटलं की मन तिथून काढता पाय घेतं. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या चुका दाखवल्या तेव्हा लोक त्यातून व्यवस्थित शिकले.

तेव्हा ती प्रत दुसऱ्या कुणाची तरी आहे असं समजून तपासायला घे. नावाचं पान काढून ठेव. प्रत्येक चुकलेल्या उदाहरणात पहिली चुकीची ओळ शोध आणि तिथेच थांब. तिच्या खालचं सगळं बिघडणारच, त्यात वेळ घालवू नकोस. मग ती ओळ का चुकली ते एका वाक्यात लिही. 'घाईत झालं' हे कारण मी धरत नाही.

एक नमुना देते, मुलांच्या पेपरात हमखास सापडणारा. डेफिनिट इंटिग्रल, म्हणजे ठरावीक हद्दींमधलं इंटिग्रेशन; त्या हद्दी, म्हणजे लिमिट्स, एक्ससाठी ० ते २. एक्सच्या वर्गाला यू धरलं, इंटिग्रेशन अगदी सुरेख केलं आणि शेवटी लिमिट्स घातल्या त्याच, ० ते २. अरे, एक्स २ पर्यंत गेला तर यू ४ पर्यंत जाणार ना! मुलं याला 'सिली मिस्टेक' म्हणून पान उलटतात. पण या लिमिट्स कुणाच्या, हे ज्याला उमगलंय त्याच्याकडून हे सहसा होत नाही. पुढच्या पेपरात तीच चूक पुन्हा येते आणि तिथेही तिला सिलीच म्हणतात.

त्रिज्या

लालशाई ताईंना +१. नोट्स वाचण्याबद्दल थोडं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे. तुम्हाला पान क्रमांक पाठ आहेत म्हणता, म्हणजे ओळख पक्की झालीय. सोडवता येणं वेगळं.

प्रत तपासताना प्रत्येक उत्तराशेजारी तेव्हा किती खात्री होती तेही लिहा. बटरफिल्ड आणि मेटकाफ या संशोधकांना २००१ मध्ये असं दिसलं की खात्रीने केलेली चूक दाखवून दिली तर ती उलट जास्त सहज सुधारते. त्या चुका आधी घ्या, हुरूप येईल. आणि गुणांची बेरीज तपासा हो, तपासणारेही माणसंच असतात.

काठावरचा

उघडली एकदाची. बेरीज बरोबर आहे, दुर्दैवाने.

पण एक विचित्र प्रकार सापडला. मला वाटत होतं माझं लाप्लास ट्रान्सफॉर्म (अवघड समीकरणं सोपी करून सोडवायची रीत) कच्चं आहे, म्हणून त्याच्याच नोट्स घोकत होतो. लाप्लासची सूत्रं सगळी बरोबर! पहिली चुकीची ओळ येते ती पार्शल फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे एका मोठ्या अपूर्णांकाची छोट्या अपूर्णांकांच्या बेरजेत फोड करताना. छेदात (एस वजा १) या अख्ख्या कंसाचा वर्ग आहे, मी त्याचं एकच पद लिहिलंय. दुसऱ्या एका उदाहरणातही डिट्टो तेच. आणि दोन्हीकडे खात्री शंभर टक्के. हे तर कॉलेजच्या आधीचं आहे ना?

वहीपेन

बरं, फाडू नका.

लालशाई

आधीचंच. (एस वजा १) चा वर्ग असेल तर दोन पदं हवीत, एक साध्या छेदाचं, एक वर्गाच्या छेदाचं. घन असता तर तीन. एक सोडलंस तर बाकीच्या किमती काढायला बसणंच फुकट, कारण दोन्ही बाजू जुळणारच नाहीत. लाप्लासच्या नोट्स तूर्त मिटून ठेव. नुसत्या पार्शल फ्रॅक्शनची उदाहरणं घे, न बघता, आणि छेदाचे घटक पाडून झाले की किमती काढण्याआधी पदं किती येणार तो आकडा समासात लिही. उत्तर आलं की छेद शून्य होणार नाही अशी एसची कुठलीही साधी किंमत, समज २, दोन्हीकडे घालून ताळा कर.