उडी मारायला एकच बटण होतं तेव्हा

उदगीरकर

काल इथं एकानं दोन ओळी टाकल्या : "जुने गेम म्हणजे नुसत्या उड्या. आत्ताच्या गेमला डोकं लागतं, ज्यांना कंट्रोल जमत नाहीत त्यांनी ल्युडो खेळावं." तेव्हापासून डोक्यात राख घालून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहायलो.

आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही गेम होता. पोरं दारात चपला काढून रांगेत बसायची. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमचा कोड मला आजही झोपेतून उठवून विचारा : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस लाईफ. एक बटण उडीचं, एक गोळीचं. संपला विषय.

या दिवाळीत संभाजीनगरला बहिणीकडं गेलो. भाच्यानं पीएस फाइव्हचा, म्हणजे सोनीच्या गेम मशीनचा, रिमोट हातात दिला, "मामा, रेड डेड टू खेळा, घोडेबिडे आहेत." आधी बटणं मोजली. दिशांची चार, चिन्हांची चार, मागं चार. दोन काड्या, त्या वरून दाबल्या की आणखी दोन. टचपॅड दाबतो तो वेगळा, शिवाय बारकी चार. एकूण १९. आमच्या रिमोटला दिशा धरून आठ.

पण माझं भांडण आकड्याशी नाही. ट्रॅक्टरला काय कमी दांडे असतात? फक्त सकाळी जो दांडा गिअर असतो तो दुपारी हॉर्न होत नाही. इथं घोड्यावर बसायला त्रिकोण दाबला तर गड्यानं घोड्याशेजारी उभ्या असलेल्या माणसावरच झडप घातली. पुढं एकाला रामराम घालावा म्हणून एल टू, म्हणजे मागचं डावं बटण, धरलं. बंदूक आधीच हातात होती, ती त्याच्या छातीवर रोखली गेली. लगेच पोलीस मागं. पाऊण तास खेळलो, त्यातला अर्धा वेळ आभाळाकडं बघत फिरायलो, कारण उजवी काडी म्हणजे मान हे अंगठ्याला कळंना. भाचा ओरडतोय, "मामा, कॅमेरा! कॅमेरा!"

कॉन्ट्रा काय सोपा होता? पण मेलो तर कशानं मेलो हे कळायचं. इथं मी रिमोटशी झुंजून मेलो.

चौथं_बोट

काका, ती पोस्ट माझीच. नांदेडहून नमस्कार.

आधी तुमचा हिशोब. त्या १९ मध्ये म्यूटचं बटण धरलंय. ते माईक बंद करायला असतं. घोड्यावर बसायला कोण म्यूट दाबतं?

दुसरं, जुनं सगळं सोपं होतं हे तुम्हाला वाटतं, कारण तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होतात. स्ट्रीट फायटर टू १९९१ चा. सहा बटणं, तीन बुक्क्यांची, तीन लाथांची. आगीचा गोळा काढायला काडी पाव वर्तुळात फिरवून नेमक्या क्षणाला बुक्की. ते तुम्ही तक्रार न करता शिकलात, कारण मागं चार पोरं नाणं घेऊन उभी होती.

तिसरं, कॉन्ट्रात माणूस डावीकडून उजवीकडं पळतो. त्याला बघायचं कुठं हा प्रश्नच नाही. गेम थ्रीडी झाले तेव्हा मान फिरवणं खेळणाऱ्याच्या गळ्यात आलं. १९९७ ला सोनीनं दोन काड्यांचा ड्युअलशॉक रिमोट आणला तो काही चैन म्हणून नाही. एक काडी पायाला, एक मानेला. मी बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, फोनवर चार बोटांनी खेळतो, वर फोन तिरका करून नेम धरतो. दोन महिने गेले शिकायला. तुम्ही पाऊण तासात निकाल दिला.

गुलमंडी_९३

मुस्तफा गेम. जॉयस्टिक अन् दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली की गरगर फिरून सगळ्यांना पाडायचा, बदल्यात थोडी लाईफ जायची. एवढ्यात सगळं आलं. रुपयाला एक डाव, मशीनवालाच शिव्या देत उठवायचा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, हे मला लग्नानंतर कळलं. उदगीरकरांना पाठिंबा.

मास्तर_अंबाजोगाई

कंट्रोल सोपे की अवघड यावर चर्चा करायलेत, वा! लातूरला पोरं नीटसाठी ठेवायची, बापानं सोयाबीन विकून क्लासची फी भरायची, अन् पोरगं रूमवर रात्री दोनपर्यंत "एनिमी, एनिमी" ओरडणार. माझ्या चुलत पुतण्याचं तेच झालं. सरकारनं रमी बंद केली तसं हेही एकदाचं बंद करून टाका.

चौथं_बोट

मास्तर, २०२५ च्या कायद्यानं बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. अन् पबजी २०२० ला बंद झालाच होता की. पुतण्याचा नंबर लागला का त्या वर्षी?

मास्तर_अंबाजोगाई

मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नाही.

सेलूची_सुनबाई

मास्तर, दुसरा धागा काढा, तिथं येऊन तुमची बाजू घेते. इथं मला उदगीरकरांशी बोलायचंय.

दादा, माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात मळणी यंत्रात गेला. दोन बोटं गेली. सहा महिने घरात कोणाशी बोलंना. माझ्या नवऱ्यानं पुण्याहून जुना पीएस फोर आणला अन् द लास्ट ऑफ अस पार्ट टू. २०२० चा गेम, त्यात नुसत्या सोयीसाठी साठच्या वर सेटिंगं. बटणांची अदलाबदल करता येते. जिथं एकच बटण भराभरा दाबायचं तिथं नुसतं धरून ठेवलं तरी भागतं. नेम आपोआप लागतो. आम्ही दोघींनी, मी अन् सासूबाईंनी, रात्रभर बसून त्याच्या हाताला जमतील तशी बटणं लावली. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्या फक्त "हे दाबून बघ रे" म्हणत होत्या.

तुमच्या आठ बटणांच्या रिमोटात काय बदलता येत होतं? त्यात उडी उजव्या अंगठ्याचीच. अंगठा नाही तर खेळ नाही. तुम्हाला जो पसारा वाटतो त्यातच माझ्या भावाची जागा निघाली.

उदगीरकर

ताई, यावर काय बोलणार. भावाला आशीर्वाद सांगा. तुमचा मुद्दा मान्य, शंभर टक्के.

पण (पण आहेच) ती सेटिंगं शोधायला रात्र गेली हे तुम्हीच लिहिलं. माझ्यासारख्याला आधी सेटिंगच्या पानावर जायचं बटण सापडायला पाहिजे. आमच्या वेळी सेटिंग एकच. गेम लागला नाही तर कॅसेट काढा, फुंकर मारा, परत लावा.

कडक_ज्वारी

बाकी चालू द्या, पण फुंकरीनं काही होत नव्हतं. परभणीत वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून सांगायलो. कॅसेट काढून परत लावली की पिना घासल्या जायच्या, कॉन्टॅक्ट बसायचा. फुंकरीतून नुसती ओल जायची अन् पिना काळ्या पडायच्या. फुंकू नका, हे निन्टेन्डोनं स्वतः सांगितलेलं.

गुलमंडी_९३

निन्टेन्डोनं परभणीची धूळ बघितली होती का? जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणता अन् धुळीला विसरता! मे महिन्यात कॅसेटवर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. तिथं फुंकर नाही मारायची तर काय आरती ओवाळायची?

कडक_ज्वारी

धूळ होती तर खोडरबर होतं, नाहीतर कापूस अन् स्पिरिट. एकदा तरी न फुंकता नुसती परत लावून बघितली का? नाही ना? मग फुंकरीनं लागली हे कशावरून?

गुलमंडी_९३

हजार वेळा फुंकली, हजार वेळा लागली. आणखी काय पुरावा पाहिजे?

उदगीरकर

फुंकायची पण एक पद्धत होती. डावीकडून उजवीकडं, एका दमात. मधे दम तुटला तर परत. आमच्यात एक पोरगा होता, त्यानं फुंकलेली कॅसेट कधी परत यायची नाही.

कडक_ज्वारी

हो, अन् असल्याच कॅसेटी घेऊन लोक माझ्याकडं यायचे. थुंकीनं हिरव्या झालेल्या.

उदगीरकर

अन् तुम्ही पंचवीस रुपये घेऊन काय करायचात? आमच्या इथला दुरुस्तीवाला पाठमोरा होऊन फुंकरच मारायचा! मी डोळ्यांनी बघितलंय. धंदा आहे तुमचा, तुम्ही फुंकर कशाला चांगली म्हणाल?

कडक_ज्वारी

माझ्या धंद्यावर जायचं काम नाही. ९९९९ गेमची कॅसेट घेऊन त्यात खरंच ९९९९ गेम आहेत असं समजणारी तुमची पिढी. सात-आठ गेम फिरून फिरून यायचे, नावं बदलून. तिथं नाही कोणी जाब विचारला?

सेलूची_सुनबाई

धागा गेमच्या कंट्रोलवर होता ना?

गुलमंडी_९३

ताई, फुंकर हाच आमचा मुख्य कंट्रोल होता.

बरं, एक कबूल करतो, उदगीरकर रागावले तरी. व्हाइस सिटीतलं ते रिमोटचं हेलिकॉप्टर. सायबर कॅफेत वीस रुपये तास. पंखा फिरवायला एका हाताची बटणं, तिरकं करायला दुसऱ्या हातानं कीबोर्डच्या उजव्या कडेचे आकडे, वर घड्याळ चालू, बॉम्ब उचलून मजल्यामजल्यावर ठेवायचे. एक अख्खा उन्हाळा अन् मामाकडून आलेले सगळे पैसे त्यात गेले. शेवटी पँझर हा कोड टाइप करून रणगाडा मागवायचो अन् गावभर गोंधळ घालून घरी जायचो. पुढची गोष्ट आजपर्यंत बघितली नाही. तो गेम २००२ चा. म्हणजे हा रोग कालचा नाही.

उदगीरकर

ते हेलिकॉप्टर मोजायचं नाही. तो गेम नव्हताच, ती शिक्षा होती.

चौथं_बोट

काका, तुम्ही कबूल करत नाही, मग मीच एक करतो. मागच्या महिन्यात मित्राकडं पहिल्यांदा पीएस फाइव्हचा रिमोट धरला. चार बोटांचा खेळाडू मी, रुबाबात बसलो.

उदगीरकर

मग?

चौथं_बोट

आभाळ बघितलं. दहा मिनिटं. चांगलं काढलंय पण, ढगबिग.

उदगीरकर

ल्युडोला कधी येतो?

चौथं_बोट

लगेच चढू नका. दुसऱ्या दिवशी काड्यांचा वेग सेटिंगमध्ये कमी केला, तासाभरात जमलं. भाच्याला सांगा तेवढं करायला. अन् घोड्यावर बसताना आधी त्या माणसापासून लांब सरका.

उदगीरकर

भाच्याला फोन केला. तो म्हणतो, "मामा, मी त्याच दिवशी सांगत होतो, तुम्ही रिमोट उलटा धरून फुंकर मारत होता."

कडक_ज्वारी

😂 दुकानात या, चहा पाजतो. येताना जुनी कॅसेट आणा. फुंकू नका फक्त.

गुलमंडी_९३

मी आणतो. अन् तुमच्यासमोर फुंकतो.