सराफ्यात एका रात्रीत सगळं खायचं, की तीनच पदार्थ?

माळव्याचा_माणूस
पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की रात्री नऊला सराफ्यात, म्हणजे सोनारांच्या गल्लीत रात्री भरणाऱ्या खाऊबाजारात, न्यायचं आणि दहा-बारा पदार्थ त्यांच्या गळी उतरवायचे, ही इंदूरच्या मराठी घरांतली रीतच झाली आहे. मला ती साफ नापसंत. चौथ्या पदार्थानंतर जिभेला फक्त जीरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि चिंचेची चटणी कळते. एका खेपेला तीन पदार्थ, तेही ऋतू पाहून.

भुट्ट्याचा कीस, म्हणजे दुधात शिजवलेलं किसलेलं मक्याचं कणीस, घ्या. तो पावसाळ्याचा पदार्थ, देशी कणीस कोवळं असतं तेव्हाचा. एरवी बऱ्याच ठिकाणी स्वीट कॉर्न किसतात. त्यात पाणी जास्त आणि पिठूळपणा कमी, त्यामुळे दूध मुरत नाही, सुटं राहतं. गोडी झाकायला मग मिरची वाढवतात. देशी कणसाचा कीस दूध पिऊन घट्ट होतो, चमच्यातून ओघळत नाही. द्रोणाच्या तळाशी पांढरं पाणी दिसलं तर समजून जा. लिंबूही उतरवल्यावरच पिळायचं. दूध मुरण्याआधी पिळलं की फाटतं आणि कण कण होतात.

राजवाडा_रात्रपाळी
पटलं नाही. पाहुण्यांची दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असते. त्यांना काय सांगणार, गराडूसाठी (हा तळून खायचा हिवाळी कंद) डिसेंबरात या आणि किसासाठी श्रावणात?

घोळ होतो तो क्रमामुळे. लोक शिरल्या शिरल्या शिकंजी घेतात. बाहेरगावच्यांना वाटतं लिंबाचं सरबत येईल, आणि हातात येतं आटवलेलं केशरी दूध, वर सुकामेवा. एक ग्लास पोटात गेला की जेवण संपलं. चौघांसाठी माझा क्रम असा: खोपरा पॅटिस (खोबऱ्याचं सारण भरलेले बटाट्याचे) दोन प्लेट, मग कीस एक प्लेट, मग दहीवडा. दहीवडा मुद्दाम मध्ये, कारण तळलेल्यानंतर थंड दह्याने तोंड साफ होतं. (विक्रेता दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतो, तो खेळ बघायला गर्दी होते, ती ओसरेपर्यंत बाजूला थांबा.) मग गराडू एक प्लेट, आणि शेवटी चौघांत मिळून एकच जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलेबी. तो एकटाच पाव किलोच्या वर भरतो. शिकंजी नंतर जागा उरली तर. नाहीच उरत.

कढईपाशी
माळव्याच्या माणसाच्या बाजूने. चौघांत एक प्लेट या हिशेबाने गराडूचं वाटोळं होतं. गराडू दोनदा तळतात. आधी मोठे तुकडे मध्यम आचेवर आतपर्यंत शिजवून ठेवायचे, मग गिऱ्हाईक आलं की बारीक कापून कडक तेलात परत सोडायचे. दुसऱ्या तळणीनंतर चार-पाच मिनिटंच तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहतो. फोटो, वाटावाटी, 'तू आधी घे' यात तेवढा वेळ जातोच, आणि गार गराडू चामट होतो. पहिली तळणी घाईत उरकली असेल तर मधला भाग कच्चा राहतो आणि घसा खवखवतो. लिंबू भरपूर पिळून घ्या, त्याने खाज कमी होते.

राजवाडा_रात्रपाळी
मग कढईजवळ उभं राहूनच खा ना! द्रोण घेऊन गल्लीभर फिरायला कोणी सांगितलंय? आणि तीनच पदार्थ म्हणता, तर एवढ्या गर्दीतून ते तीन शोधून कोण देणार? नवख्याला चार ठिकाणी चाखल्याशिवाय चांगलं-वाईट कळतच नाही.

छप्पनचा_चाहता
दोघेही सत्तरीच्या आजींना विसरलात. सराफ्याच्या गल्लीत बसायला धड जागा नाही. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे सगळा बाजार भरतो, अंगावर अंग. न्यू पलासियात छप्पनला (छप्पन दुकान ही खाऊगल्ली) संध्याकाळी सहाला जा. रस्ता फक्त चालणाऱ्यांचा, बसायला बाकडी आहेत, रात्री जागायलाही नको.

माळव्याचा_माणूस
आजींसाठी छप्पन, कबूल. पण मग सकाळी सराफ्याजवळच्या जुन्या राजवाड्याकडचे पोहे का नाही? भांड्यात खाली पाणी उकळतं आणि वर वाफेवर पोहे असतात, तेल नावालाच. चव वरून येते: बडीशेप, शेव, कांदा, जीरावन, लिंबू. आपल्या फोडणीच्या पोह्यांची सवय असलेले 'फिके आहेत' म्हणतात, कारण जीरावन कमी घेतात. आठ-साडेआठच्या आत जा. वाफेवर फार वेळ राहिले की पोह्यांचा लगदा होतो.

एकादशी_स्पेशल
साबुदाणा खिचडीचं नावच नाही? तीही वाफेवरची, तुपात परतलेली नव्हे. भिजवलेला साबुदाणा वाफवतात, आणि कूट, मिरची, लिंबू, बटाट्याचा चिवडा तुमच्यासमोर कालवतात. दाणा बोटात सहज चिरडला पाहिजे; मध्ये पांढरा टिपका दिसला तर भिजवण कमी पडली. उपासाला खाणार असाल तर मसाला आणि फरसाण फराळी आहे ना, हे कालवायच्या आधी विचारा. एकदा जीरावन पडलं की विचारून उपयोग नाही.

कढईपाशी
खिचडीची प्लेट म्हणजे अर्धं जेवण, ती या क्रमात बसवूच नका. वेगळ्या दिवशी.

राजवाडा_रात्रपाळी
म्हणजे पुन्हा 'वेगळ्या दिवशी'! पाहुणा इंदुरात भाड्याने खोली घेणार आहे का?

माळव्याचा_माणूस
नाही घेणार, पण घरी जाऊन 'सगळं मसालेदार होतं' एवढंच सांगेल, हे लिहून ठेवा. बरं, तुमच्या क्रमानेच जायचं तर निदान शनिवार-रविवार टाळा, साडेनवाच्या आत पोचा आणि गाडी राजवाड्याच्या अलीकडे लावून चालत या. अकरानंतर कढईपुढे इतकी रांग असते की गराडूचा दुसरा घाणा पुरता तापलेल्या तेलात पडतच नाही.

राजवाडा_रात्रपाळी
वाराचं मान्य, तीनचं नाही. पॅटिस तरी चौथं धरा!