मदत हवी आहे: गच्चीवरच्या टाकीचा सोलर सेन्सर पावसाळ्यात बंद पडतो

गच्चीकर
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा बघा.

मुलुंडला आमची सात मजली सोसायटी. पालिकेचं पाणी सकाळी खालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने वर. वरची भरली की नाही ते वॉचमनकाकांना गच्चीवर जाऊन बघावं लागतं. जरा उशीर झाला की पाणी ओसंडून सातव्या मजल्याच्या भिंतीवरून खाली, आणि पुढच्या मीटिंगला तोच विषय. म्हणून टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा) बसवलाय. पातळी काकांच्या मोबाइलवर दिसते.

सामान असं: ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा साधा डेव्हलपमेंट बोर्ड, जेएसएन-एसआर०४टी सेन्सर, त्याला ५ व्होल्ट द्यायला व्होल्टेज वाढवणारं छोटं बूस्ट मॉड्यूल, २६०० एमएएचचा (मिलीअँप-तास) एक १८६५० लिथियम आयन सेल (नवा, लॅपटॉपमधून काढलेला नाही), तो चार्ज करायला टीपी४०५६ आणि ६ व्होल्ट १ वॅटचं सोलर पॅनेल. सेल थेट बोर्डाच्या व्हीआयएन (वीज आत घ्यायच्या) पिनला. गच्चीवर प्लग पॉइंट नाही आणि कमिटी काढून देणार नाही, बिल कोणाच्या मीटरवर यावर गाडी अडलीय.

दर पंधरा मिनिटांनी बोर्ड जागा होतो, चार सेकंद वायफाय, परत डीप स्लीप. माझा हिशोब: दिवसाला ९६ वेळा, चार-चार सेकंद, सरासरी १२० मिलीअँप, म्हणजे साधारण १३ एमएएच. झोपेत १० मायक्रोअँप, ते सोडूनच द्या. म्हणजे पॅनेल नसतं तरी सेल सहा महिने जायला हवा. मे महिन्यात छान चाललं. आता तीन-चार दिवस ढग राहिले की ठप्प. आणि गंमत म्हणजे सेल काढून मोजला तर ३.७ व्होल्ट!

५ वॅटचं पॅनेल घेऊ का? पॉवर बँक लावून बघितली, पण लोड फार कमी म्हणून ती आपली आपणच बंद होते.

खटपट्या
सरळ ५ वॅटचं घ्या. ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. फार विचार करू नका.

लष्कराच्या भाकऱ्या
थांबा, पैसे घालू नका. दुखणं पॅनेलचं नाही. ३.७ व्होल्टला बोर्ड मरतो यातच उत्तर आहे.

तुमच्या बोर्डावर चिपला ठरावीक व्होल्टेज देणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असणार. त्याला ३.३ व्होल्ट बाहेर काढायला आत किमान १ ते १.१ व्होल्ट जास्त लागतात. म्हणजे सेल पूर्ण भरलेला, ४.२ व्होल्टला असला तरी तो जेमतेम काम भागवतो. सेल ३.७ वर आला की ईएसपीला २.६ मिळतात, वायफाय चालू होताच विजेचा झटका मागितला जातो आणि बोर्ड रीसेट. सेलमध्ये जवळपास निम्मी वीज शिल्लक असताना तुमचं दुकान बंद.

दुसरी गोष्ट, तुमचे १० मायक्रोअँप नुसत्या चिपचे आहेत, बोर्डाचे नाहीत. तो रेग्युलेटर रिकामा बसून ५ मिलीअँपच्या आसपास खातो. वर लाल एलईडी, यूएसबीची चिप, आणि सेन्सर नि बूस्ट तुम्ही बंद करतच नसाल. झोपेतला करंट मोजून सांगा. मीटर मायक्रोअँपच्या रेंजला लावू नका, जागं होताना त्याच्यावरच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड उठतच नाही. मीटरच्या दोन टोकांना वायरने शॉर्ट करून बोर्ड चालू करा, तो झोपला की वायर काढा.

गच्चीकर
मोजलं. १७ मिलीअँप! एलईडी तर रात्रभर जळतोच आहे, टाकीच्या झाकणाखाली लाल उजेड दिसतो म्हणून काकांनी विचारलंसुद्धा होतं.

लष्कराच्या भाकऱ्या
बघा, १७ गुणिले २४, दिवसाला ४०० एमएएच. मेमध्ये १ वॅटचं पॅनेल तेवढं आरामात भरून काढतं. दाट ढगांत पॅनेल उन्हातल्या एखाद-दुसऱ्या दशांशावर येतं, दिवसाला शंभर एमएएच मिळाले तरी खूप. तुमचा खरा खर्च १३-१५ असता तर तेवढ्यावर पावसाळा आरामात निघाला असता.

करायचं काय: एचटी७८३३ हा दुसरा रेग्युलेटर घ्या. ५०० मिलीअँप देतो आणि स्वतः काही मायक्रोअँपवर भागवतो. सेलमधून त्याला, त्याच्यातून बोर्डाच्या ३.३ पिनला. व्हीआयएन मोकळी सोडा आणि सेल जोडलेला असताना यूएसबी लावू नका. ३.३ आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वायफायचे झटके तो झेलेल. एलईडीचा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने उपटून टाका. बूस्टला ईएन (चालू-बंद करायची) पिन असेल तर ती ईएसपीच्या पिनने चालू-बंद करा, नसेल तर स्विच म्हणून पी-चॅनल मॉस्फेट लावा.

जाता जाता: या सेन्सरला २० सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. टाकी काठोकाठ भरते तेव्हाच आकडा चुकत असेल, तर सेन्सर पाइपच्या तुकड्यावर वर उचला.

खटपट्या
मान्य, माझा ५ वॅट मागे घेतो. पण पॅनेल ठेवलंय कसं? दक्षिणेला कलवून असेल तर पावसाळ्यापुरतं सपाट करा. मेच्या मध्यातला शून्य सावली दिवस (दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर) आणि जुलैअखेरचा, या दोघांमध्ये दुपारचा सूर्य मुंबईत थोडा उत्तरेलाच असतो. आणि ढगांतला उजेड सगळ्या आकाशातून येतो. अगदी सपाट नको, पाणी साचेल आणि कबुतरांची कृपा वाहून जाणार नाही. टीपी४०५६वर चार्जिंगचा करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर १ अँपसाठी असतो, तुमचं पॅनेल १६० मिलीअँपच्या वर जाणारच नाही. तो १० किलोओहमचा करा, १३० मिलीअँपवर चार्ज होईल आणि पॅनेलचं व्होल्टेज कोसळणार नाही.

गच्चीकर
हे सगळं करते. एकच शंका, बोर्ड नि सेल ठेवलेला काळा प्लास्टिकचा डबा मेमध्ये हात लावू देत नाही इतका तापतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घ्यावा का?

लष्कराच्या भाकऱ्या
उष्णता तो जास्त सोसतो, खरं आहे. पण त्याला ३.६ व्होल्टलाच थांबावं लागतं, टीपी४०५६ तर ४.२ पर्यंत रेटतो. टीपी५००० चार्जरवर सेलचा प्रकार निवडायला जंपर असतो, तो घ्यावा लागेल. आहे तोच सेल ठेवायचा असेल तर डबा पांढरा घ्या आणि पॅनेलच्या मागे सावलीत, मध्ये हवा खेळेल असा बांधा. ४५ अंशांच्या वर लिथियम आयन चार्ज करू नये. तारा डब्यात खालून घाला, वरून नको.

गच्चीकर
ठीक, आत्ता पांढरा डबा आणि एचटी७८३३. रविवारी जाऊ का ग्रँट रोडला?

खटपट्या
रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी दुपारी जा, आणि '९९०० एमएएच' असा खोटा आकडा छापलेला १८६५० कोणी गळ्यात मारायला लागला तर पुढच्या दुकानात जा.